सिव्हिलची पदवी हातात, नोकरी नाही: ‘अनुभव हवा’ या उत्तराच्या मागे काय असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलची पदवी घेऊन आठ महिने झाले, दोनशेच्या वर अर्ज केले, तीन ठिकाणी मुलाखत झाली आणि तिन्हीकडे ‘अनुभव असलेला माणूस हवा’ असं ऐकावं लागलं. आता एका लहान मटेरियल टेस्टिंग लॅबकडून बोलावणं आलंय, पगार मनासारखा नाही. तुम्हाला जायचंय स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये. लॅबची नोकरी घेतली तर कायमचा शिक्का बसेल का, ती सोडून सॉफ्टवेअरचा कोर्स करावा, की सरळ मास्टर्सला जावं?

मी या क्षेत्रात चोवीस वर्षं आहे. पहिली काही वर्षं साइटवर, मग बिलिंग आणि प्लॅनिंग, आणि गेली नऊ वर्षं नवीन माणसं निवडण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय चालतं ते सांगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

एखाद्या जागेसाठी अर्जांचा गठ्ठा समोर येतो तेव्हा एका अर्जाला माझ्याकडून एक-दीड मिनिट मिळतं. त्या वेळात मी टक्के बघत नाही म्हटलं तर खोटं होईल, पण टक्क्यांवर फार थांबत नाही. डोक्यात एकच प्रश्न असतो: हा मुलगा किंवा ही मुलगी सोमवारी सकाळी साइटवर आली, तर मी तिच्या हातात कोणतं काम देऊ शकतो? पूर्ण जबाबदारी नव्हे. एखादा तुकडा. सळईचं वेळापत्रक (कोणती सळई किती लांब, कुठे वाकवायची याचा तक्ता) तपासणं, लेव्हल घेणं (जागेची उंच-सखल पातळी मोजणं), क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) भरून नोंदी ठेवणं, मोजमापाचा तक्ता बनवणं. दहापैकी नऊ अर्जांमधून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ‘मेहनती, शिकण्याची तयारी, टीममध्ये काम करण्याची आवड’ हे सगळ्यांनीच लिहिलेलं असतं.

‘अनुभव हवा’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘तुला शिकवायला आमच्याकडे आत्ता मोकळा माणूस नाही’ एवढाच असतो. नवीन इंजिनिअरचा खरा खर्च त्याच्या पगारात नसतो. त्याच्या मागे उभ्या राहणाऱ्या सीनियरच्या वेळात असतो. तेव्हा तुमच्यापुढचं काम असं की, दोन वर्षांचा अनुभव कुठून आणायचा याची काळजी सोडून, निदान दोन-तीन कामं कोणाच्या मदतीशिवाय नीट करता येतात हे दाखवायचं. हे घरी बसून करता येतं. कसं ते पुढे सांगतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुम्ही ज्या देशात काम करणार तिथे नोंदणीचे नियम काय आहेत हे बघा. उदाहरणार्थ अमेरिकेत एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) ही परीक्षा पदवीच्या आसपासच दिली जाते आणि ती पास असणं पहिल्या नोकरीतही उपयोगी पडतं. इतर अनेक ठिकाणी पहिल्या नोकरीसाठी अशी अट नसते. दुसरं, तुम्ही गाव सोडून जायला तयार आहात का? आमचं काम जिथे खड्डा खणला जातोय तिथे असतं. एकाच शहरात राहण्याची अट असेल तर जागा कमी होतात, आणि घरच्या जबाबदारीमुळे ती अट असेल तर त्यात चूक काही नाही, फक्त मग सल्लागार कार्यालयं, लॅब आणि बिलिंगच्या जागांवर जास्त भर द्यायचा. तिसरं, बांधकामात तेजी-मंदी येते. मंदीत बाहेर पडलेल्या बॅचला वर्षभर थांबावं लागलेलं मी पाहिलंय, आणि त्यातले पुष्कळ जण आज उत्तम काम करताहेत. आठ महिन्यांचा खंड हा तुमच्या लायकीचा पुरावा नाही, एवढं मनाशी पक्कं धरा.

आता जागा निघतात कशा ते बघू, कारण दोनशे अर्ज वाया का गेले ते त्यावरून कळेल.

एखाद्या कंपनीला कामाचा ठेका मिळतो. पत्र हातात पडल्यापासून काही आठवड्यांत साइट उभी करायची असते. आधी सर्व्हे आणि आखणी, मग खोदाई आणि पाया, मग काँक्रीटच्या कामाचा सर्वांत धावपळीचा काळ, शेवटी फिनिशिंग आणि बिलं. प्रत्येक टप्प्याला वेगळी माणसं लागतात, आणि ती लागतात तेव्हा तातडीने लागतात. प्रोजेक्ट मॅनेजर आधी आपल्या जुन्या माणसांना विचारतो, मग ओळखीच्या ठेकेदारांना, मग त्याच्याकडे आधीच आलेल्या अर्जांकडे बघतो. जाहिरात सर्वांत शेवटी निघते. ती तुमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यावर हजारो अर्ज पडलेले असतात आणि गाळणी लावायला सोपी अट म्हणून ‘दोन वर्षं अनुभव’ लिहिलेलं असतं.

म्हणून नोकरीच्या जाहिराती वाचण्यापेक्षा कामं कोणाला मिळाली ते वाचा. सार्वजनिक कामांच्या निविदांचे निकाल बहुतेक ठिकाणी जाहीर होतात. पूल, जलशुद्धीकरण केंद्र, रुग्णालयाची इमारत, रस्त्याचं रुंदीकरण, काहीही. काम कोणाला मिळालं, ते कुठे आहे आणि आता कोणत्या टप्प्यावर असेल याचा अंदाज बांधा आणि त्या कामाचं नाव घेऊन अर्ज करा. ‘आपल्याला अमुक पुलाचं काम मिळाल्याचं वाचलं. पाइलिंग सुरू होत असेल तर नोंदी ठेवणं, लेव्हल घेणं, काँक्रीटचा हिशोब ठेवणं ही कामं मी पहिल्या आठवड्यापासून करू शकतो. सोबत मी केलेलं एक काम जोडलं आहे.’ एवढं पुरे. असे वीस अर्ज जाहिरातीवरच्या दोनशे अर्जांपेक्षा जास्त फोन आणतील असं मी अनुभवावरून म्हणतो. शक्य असेल तिथे साइट ऑफिसला सकाळी लवकर स्वतः जा, पण स्लॅब भरायच्या दिवशी नको. त्या दिवशी कोणाला मान वर करायला वेळ नसतो.

आणि फक्त मोठ्या नावांच्या मागे लागू नका. एका मोठ्या कामावर मुख्य ठेकेदाराखाली कितीतरी लहान कंपन्या काम करतात: पाइलिंगवाले (पायाचे खोल खांब घालणारे), शटरिंगवाले (काँक्रीटचा साचा उभारणारे), पोस्ट-टेन्शनिंगवाले (काँक्रीटमधल्या केबल जॅकने ताणणारे), वॉटरप्रूफिंगवाले, सर्व्हेवाले. शिवाय रेडी-मिक्सचे (तयार काँक्रीट पुरवणारे) प्लांट, प्रीकास्ट यार्ड (काँक्रीटचे भाग आधीच ओतून ठेवतात ती जागा), मातीची तपासणी करणाऱ्या संस्था, त्रयस्थ तपासणी करणाऱ्या संस्था, क्वांटिटी काढून देणारी छोटी कार्यालयं. नवीन पदवीधरांना ही नावंच ठाऊक नसतात, त्यामुळे तिथे गर्दी कमी. पोस्ट-टेन्शनिंगच्या छोट्या कंपनीत दीड वर्ष काढलेल्या मुलाला केबलची लांबी वाढणं, जॅकवरचा दाब आणि गणिताने येणारा आकडा यांची जुळणी करता येते. डिझाइन ऑफिसमध्ये पाच वर्षं काढूनही हे प्रत्यक्ष न पाहिलेले लोक मला भेटतात.

आता पुराव्याचं काम. माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही राहता त्या इमारतीचा जिना घ्या. टेप घेऊन मोजा. पायरीची उंची, पावठ्याची (पाय ठेवायच्या आडव्या भागाची) रुंदी, जिन्याची रुंदी, लँडिंग. प्लॅन आणि सेक्शन काढा. आधी हाताने, मग ऑटोकॅडमध्ये. दोन उंच्या अधिक एक पावठा मिळून साधारण ६०० ते ६४० मिलिमीटर येतात का बघा. येत नसतील तर त्या जिन्यावर चढताना पाय का अडखळतो ते कळेल. मग काँक्रीट काढा. समजा दहा पायऱ्या, उंची १५० मिलिमीटर, पावठा ३००, रुंदी १.२ मीटर आणि खालच्या तिरप्या स्लॅबची जाडी १५० मिलिमीटर. एका पायरीमागे तिरपी लांबी ०.३३५ मीटर, दहाची ३.३५. तिरप्या स्लॅबचं काँक्रीट ०.६० घनमीटर. पायऱ्यांचे त्रिकोण ०.२७. एकूण सुमारे ०.८७ घनमीटर. त्रिकोण विसरलात तर जवळजवळ तीस टक्के काँक्रीट कमी भरलं, आणि साइटवर ही चूक झाली तर जिना अर्धवट असतानाच मिक्सर रिकामा होतो. त्यानंतर शटरिंगचं क्षेत्रफळ, मग सळईचं वेळापत्रक. आतली सळई तुम्हाला दिसत नाही, तेव्हा एखाद्या मानक तपशिलावरून ती गृहीत धरा आणि गृहीत धरल्याचं स्पष्ट लिहा.

इथेच एक सुंदर प्रश्न समोर येतो. जिन्याचा उतार आणि वरचं लँडिंग जिथे मिळतात तिथे खालच्या बाजूची सळई कोपऱ्याबरोबर वाकवून पुढे न्यायची का? नाही. ती ताणात असते, ताण आला की सरळ होऊ बघते आणि खालचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडून बाहेर येते. म्हणून दोन्हीकडच्या सळया एकमेकींना ओलांडून पुढे काँक्रीटच्या पोटात नेतात. हे असं का, ते तुम्हाला सांगता आलं, कागदावर पेन्सिलने काढून दाखवता आलं, तर मुलाखत घेणाऱ्याची बसण्याची पद्धत बदलते. मी स्वतः त्या खुर्चीत पुढे सरकून बसलोय.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी मुलाखतीला आली होती. अनुभव शून्य, गुण मध्यम. तिच्या फाइलमध्ये कॉलेजच्या पाण्याच्या टाकीचं मोजमाप, त्याचा अंदाज आणि एक पानभर ‘मी कुठे चुकले’ अशी नोंद होती. पहिल्यांदा तिने भिंतींचे कोपरे दोनदा मोजले होते, मग ते कसं लक्षात आलं आणि कसं दुरुस्त केलं हे तिने लिहिलं होतं. मी तिला त्याच दिवशी हो म्हटलं. कारण आमच्याकडच्या बिलांमध्ये नेमकी हीच चूक होते, आणि ती शोधायला मला दर महिन्याला एक दिवस घालवावा लागत होता. आता ते काम तिने घेतलं. अशी दोन-तीन कामं तुमच्या फाइलमध्ये असू द्या. चार-पाच पानांपेक्षा जास्त नकोत.

मुलाखतीतले प्रश्न पाठांतराचे वाटतात, पण त्यामागे बघायचं वेगळंच असतं. मी नेहमी विचारतो: १२ मिलिमीटर सळईचं मीटरला वजन किती? बहुतेक जण ‘व्यासाचा वर्ग भागिले १६२’ म्हणून ०.८९ किलो सांगतात. बरोबर. मग मी विचारतो, हे १६२ आलं कुठून? तिथे शांतता पसरते. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो, सळईचं क्षेत्रफळ πच्या सूत्राने, एकक मिलिमीटरवरून मीटरवर आणलं की १६२ आपोआप बाहेर पडतं. एका मिनिटाचं काम आहे. उत्तर आधीपासून माहीत असायलाच हवं असं नाही. पेन हातात घेऊन काढायला सुरुवात केली तरी मला हवं ते कळलं.

तसंच पाण्याचं. ‘काँक्रीटच्या गाडीवरचा माणूस म्हणतो घट्ट आहे, थोडं पाणी मारू का, तुम्ही काय कराल?’ घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असेल तर गुणोत्तर ०.४६. वीस लिटर वाढवलं की ०.५१. काँक्रीट सहज ओतलं जाईल, पण ताकद आणि टिकाऊपणा दोन्ही घसरतील. ‘मी नाही म्हणेन’ हे उत्तर अर्धवट आहे. पूर्ण उत्तर असं: स्लम्प (काँक्रीट किती घट्ट-पातळ आहे ते बघायची चाचणी) घेईन, गाडी प्लांटवरून किती वाजता निघाली ते चलनावर बघेन, सीनियरला आणि प्लांटच्या माणसाला फोन करेन, परवानगी असेल तर प्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणाऱ्या रसायनाने) दुरुस्त करू, नाहीतर गाडी परत, आणि जे झालं ते वेळेसकट लिहून ठेवेन.

लेव्हलिंगचं पण विचारलं जातं. मागच्या वाचनांची बेरीज वजा पुढच्या वाचनांची बेरीज ही शेवटची पातळी वजा पहिली पातळी एवढीच यायला हवी, हे सगळ्यांना येतं. पण त्यातून फक्त वहीतला हिशोब तपासला जातो, वाचन चुकलं असेल तर ते यातून कळत नाही; त्यासाठी परत बेंचमार्कवर (पातळी आधीच माहीत असलेल्या खुणेवर) येऊन फेरा बंद करावा लागतो. हा फरक सांगणारा उमेदवार मला क्वचित भेटतो.

या सगळ्यात मी शोधत असतो तो गुण म्हणजे मोजणं, लिहिणं आणि वेळेवर बोलणं. याचं महत्त्व मला कोणी पटवलं असेल तर क्युबेकच्या पुलाच्या इतिहासाने. १९०७ साली कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर हा पूल उभा राहत होता. साइटवर नॉर्मन मॅक्लुअर नावाचा तरुण, पदवी घेऊन काही वर्षंच झालेला इंजिनिअर देखरेखीला होता. खालच्या एका दाबातल्या भागाचा बाक काही दिवसांत पाऊण इंचावरून दोन इंचांच्या पुढे गेल्याचं त्याने मोजलं, नोंदवलं, वर कळवलं, आणि शेवटी स्वतः न्यूयॉर्कला जाऊन प्रमुख सल्लागार थिओडोर कूपर यांना भेटला. कूपर यांनी पुलावर आणखी भार टाकू नका अशी तार पाठवली, पण ती साइटवर नव्हे तर पूल बांधणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात गेली. काम चालूच राहिलं. २९ ऑगस्टला पूल कोसळला आणि ७५ कामगार गेले. डिझाइनमधली चूक मोठ्यांची होती, पुलाचं स्वतःचं वजन कमी धरलं गेलं होतं. पण धोका पहिल्यांदा आकड्यात पकडणाऱ्यांमध्ये तो नवखा माणूस होता. नवीन इंजिनिअर साइटवर बिनकामाचा असतो असं कोणी म्हटलं की मला ही गोष्ट आठवते. काम थांबवायचा अधिकार साइटवरच कोणाकडे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, हेही मी त्यातूनच शिकलो.

यालाच जोडून एक सांगतो. पहिल्या नोकरीत तुमच्यापुढे सही करायला कागद येतील. काँक्रीट भरण्याआधीचा तपासणीचा तक्ता येईल आणि ‘सगळं बघितलंय, तू फक्त सही कर’ असं कोणीतरी म्हणेल. माझ्या पहिल्या वर्षात मी अशी एक सही केली होती. स्लॅबच्या वरच्या सळईखालच्या खुर्च्या (सळई उचलून धरणारे आधार) पुरेशा लावलेल्या नव्हत्या, माणसं चालून सळई खाली दबली, आणि कॅन्टिलिव्हरच्या (एकाच बाजूला आधार असलेल्या) भागात ती जिथे हवी तिथे राहिली नाही. शटरिंग काढण्याआधी एका ज्येष्ठ फोरमनच्या लक्षात आलं, तो भाग तोडून पुन्हा केला, कोणाला इजा झाली नाही. पण ती सही माझी होती. त्या दिवसापासून न मोजता सही केलेली नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे पहिल्या आठवड्यातच सांगतो. सही नाकारल्यामुळे नोकरी गेली तर ती नोकरी टिकवण्यासारखी नव्हती.

सॉफ्टवेअरच्या कोर्सबद्दल माझं मत थोडं कडक आहे. एक्सेल आणि ऑटोकॅड हे आलंच पाहिजे, आणि ते स्वतःच्या स्वतः येतं. ईटॅब्स किंवा स्टॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र घेऊन आलेल्या उमेदवाराला मी एक साधा प्रश्न देतो: दोन्ही टोकांना टेकलेला सहा मीटरचा बीम, मीटरला २० किलोन्यूटन भार, मध्यावर बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) किती? भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ, म्हणजे ९० किलोन्यूटन-मीटर. हे न सांगता आलेल्या माणसाच्या हातात सॉफ्टवेअर देणं मला धोक्याचं वाटतं, कारण चुकीचं उत्तर तो ओळखणार कसा? हाताने तपासता येत असेल तर सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं. प्रिमाव्हेरा (कामाच्या प्लॅनिंगचं) किंवा रेव्हिट (इमारतीच्या मॉडेलचं) ज्या जागेसाठी अर्ज करताय तिथे लागत असेल तरच शिका.

मास्टर्सचं वेगळं आहे. तुम्हाला स्ट्रक्चरल डिझाइन किंवा भू-तांत्रिक कामात जायचं असेल तर पुष्कळ कार्यालयं मास्टर्स मागतात आणि तो अभ्यास खरोखर उपयोगी पडतो. पण नोकरी मिळत नाही म्हणून वेळ काढायला मास्टर्स केलं, तर दोन वर्षांनी तुम्ही याच ठिकाणी याच प्रश्नासह असाल, फक्त अपेक्षा वाढलेल्या असतील. एक-दोन वर्षं प्रत्यक्ष काम करून मग गेलेले विद्यार्थी वर्गात वेगळेच प्रश्न विचारतात, हे शिकवणारे मित्र मला सांगतात, आणि मलाही त्यांच्या कामात ते दिसतं.

मुलींना मुलाखतीत अजूनही ‘साइटवर जमेल का’ असं विचारलं जातं. तुम्ही मुलगी असाल तर त्याचं स्पष्टीकरण देत बसू नका. साइटवर स्वच्छतागृह, राहण्याची सोय आणि उशीर झाल्यास वाहन आहे का, हे उलट विचारा. हे प्रश्न मुलांनीही विचारावेत. जिथे या तीन गोष्टी धड नाहीत तिथे सुरक्षिततेच्या बाकीच्या गोष्टीही बहुधा धड नसतात. उघड्या खड्ड्याच्या बाजू आधाराशिवाय ठेवलेल्या दिसल्या, तर तिथून परत फिरा. घनमीटरभर माती दीड ते दोन टन भरते.

आणि नोकरी देतो म्हणून पैसे मागणारे, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारे, ‘सहा महिने बिनपगारी काम कर, मग बघू’ म्हणणारे: या तिघांनाही नकार. इंटर्नशिप असेल तर मुदत, मोबदला आणि काम लेखी घ्या.

आता लॅबचं. शिक्का बसण्याची भीती मला समजते, पण ती मोठी नाही. लॅबमध्ये सहा महिन्यांत जे दिसतं ते साइटवर दोन वर्षांत दिसत नाही, कारण तिथे वेगवेगळ्या साइटवरचं साहित्य येतं. १५० मिलिमीटरचा नीट भरलेला क्यूब ८.१ किलोच्या आसपास भरतो; साडेसात भरला तर तोडण्याआधीच कळतं की आत पोकळी आहे. क्यूब तोडताना थापीने सपाट केलेली बाजू वर ठेवायची नाही, साच्याला लागलेल्या बाजूंवर भार द्यायचा. ३० मेगापास्कलला तो तुटायचा तर यंत्रावर ६७५ किलोन्यूटन दिसायला हवेत. २८ दिवसांचा निकाल कमी आला की पुढे काय, आधी नमुना आणि चाचणी तपासायची, मग काँक्रीट न तोडता करायच्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्या, शेवटी कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला नमुना), हा क्रम तिथे हाताखालून जातो. डिझाइनमध्ये गेल्यावर ‘काँक्रीट तीसचं’ असं लिहिताना त्या तीसमध्ये किती चढउतार असतो हे तुम्हाला माहीत असेल. ते माहीत असलेले डिझायनर कमी आहेत.

शिक्का बसतो तो तीन-चार वर्षं एकच चाचणी यंत्रावर उभं राहून केली तर. म्हणून होकार देण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा. चाचण्या बदलून मिळतील का, म्हणजे काँक्रीट, सळई, माती, डांबर असं फिरवतील का? नमुने आणायला साइटवर पाठवतील का? आणि अहवाल लिहायला, निदान मसुदा करायला देतील का? तिन्हीला हो आलं तर कमी पगारातही घ्या, दीड वर्षाची मुदत मनाशी ठरवा आणि डिझाइनच्या दिशेने रोज संध्याकाळी तासभर हाताने गणितं करा. फक्त तिसऱ्याला नाही म्हणाले तरी मी घेईन. दुसऱ्याला नाही म्हणाले तर विचार करीन, आणि तेवढ्यात निविदांचे निकाल बघून वीस अर्ज पाठवीन. पहिल्याला नाही आणि दुसऱ्यालाही नाही, तर तुमचं काम एका खोलीत एका यंत्रासमोर असणार. तिथे जाण्यापेक्षा रेडी-मिक्स प्लांटच्या गुणवत्ता विभागात विचारा, तिथे हेच शिकाल आणि गाड्यांबरोबर साइटवरही जाल. मुलाखतीला जाताना जिन्याची फाइल बरोबर न्या. लॅबवाल्यांनाही ती दाखवा.